पंधरा ऑक्टोबरचा पट : अमेरिकेतली छोटी चार्टर शाळा उभी कशी राहते

प्रश्न : मी पुण्यात एका अनुदानित प्राथमिक शाळेत शिकवते. महापालिकेच्या काही शाळा आता स्वयंसेवी संस्था चालवतात आणि त्यांच्याबद्दल बोलताना "हे अमेरिकेतल्या चार्टर शाळांसारखं" असं हमखास ऐकू येतं. शहरातली छोटी चार्टर शाळा तिकडे नेमकी सुरू कशी होते? पहिली चार-पाच वर्षं ती कशी वाढते? आणि तुम्हाला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची झाली तर पहिला माणूस कोण नेमाल?

उत्तर : शेवटच्या प्रश्नाचं उत्तर शेवटीच देते. आधी दिलं तर थट्टा वाटेल.

माझे वडील सातारा जिल्ह्यात एका अनुदानित हायस्कुलाचे मुख्याध्यापक होते. संचमान्यता (म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं मंजूर होणं), तुकडी तुटली, शिक्षक अतिरिक्त ठरले, ही वाक्यं मी जेवताना ऐकत मोठी झाले. पुढे लग्न होऊन न्यू जर्सीत आले, उत्तरेकडच्या एका दाट वस्तीच्या शहरात नव्याने निघणाऱ्या चार्टर शाळेत गणित शिकवायला लागले, आणि हिशेब जमतो असं लक्षात आल्यावर तिथल्याच मंडळींनी मला खडूकडून खतावणीकडे वळवलं. त्याला वीसेक वर्षं झाली. तेव्हापासून मी छोट्या शाळांचे अर्थसंकल्प मांडते. त्यामुळे माझं उत्तर थोडं पैशाच्या बाजूने झुकेल, हे आधीच सांगून ठेवते. मी जे सांगणार आहे ते न्यू जर्सीचं आहे. प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा असतो.

तुमच्या अनुदानित शाळेशी तुलना केली की चार्टर शाळा चटकन कळते. तुमच्याकडे संस्था खाजगी, शिक्षकांचा पगार सरकारचा, आणि पदं किती हे सरकार ठरवणार. इथे विश्वस्त मंडळ स्वतंत्र, पैसा सार्वजनिक, पण तो पदांवर येत नाही, मुलांच्या डोक्यांवर येतो. एका मुलामागे अमुक रक्कम, दर महिन्याला, आणि त्यातच पगार, भाडं, वीज, पुस्तकं, विमा, सगळं बसवायचं. फी घेता येत नाही, प्रवेशपरीक्षा घेता येत नाही, धर्म शिकवता येत नाही. या मोकळिकीची किंमत म्हणजे मुदत. न्यू जर्सीत पहिली सनद, म्हणजेच चार्टर, चार वर्षांची, नंतर नूतनीकरण पाच-पाच वर्षांचं. राज्याचे शिक्षण आयुक्त सनद देतात आणि काढूनही घेतात. अनुदानित शाळा बंद पडल्याचं मी लहानपणी कधी पाहिलं नव्हतं. इथे ते नियमित घडतं.

कल्पना कुठून आली त्यात एक गंमत आहे. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातले रे बड यांनी शिक्षकांच्या गटांना ठरावीक मुदतीची सनद द्यावी असं मांडलं होतं, पण ती गावोगाव पोचवली अल्बर्ट शँकर यांनी, १९८८ साली. हे शँकर कोण? अमेरिकेतल्या एका मोठ्या शिक्षक संघटनेचे अध्यक्ष. म्हणजे आज ज्या शाळांना शिक्षक संघटना पाण्यात पाहतात, त्यांचा पाळणा संघटनेच्याच अध्यक्षाने हलवलेला. काही वर्षांतच ते या कल्पनेपासून दूर गेले, ही गोष्ट वेगळी. मिनेसोटा राज्याने १९९१ मध्ये पहिला कायदा केला आणि १९९२ मध्ये सेंट पॉल शहरात सिटी अकॅडमी ही देशातली पहिली चार्टर शाळा उघडली. शाळा सोडून गेलेल्या मुलांसाठी काढलेली, मूठभर पोरांची शाळा. न्यू जर्सीच्या कायद्यावर १९९६ च्या जानेवारीत सही झाली आणि १९९७ च्या शरद ऋतूत १३ शाळा सुरू झाल्या. आमची त्यानंतर काही वर्षांनी आली.

आता सुरुवात कशी होते ते. न्यू जर्सीत अर्ज शिक्षकांना करता येतो, त्या भागातल्या पालकांना करता येतो, दोघांना मिळून करता येतो. विद्यापीठ किंवा खाजगी संस्था असेल तर तिने यांना सोबत घ्यायचं. आमच्यात दोन शिक्षक, तीन पालक, एक निवृत्त बँकवाला आणि एक वकील होते. वर्षभर दर मंगळवारी रात्री एका शिक्षिकेच्या स्वयंपाकघरात बैठक व्हायची. मुलं कशी शिकणार, वाचन किती तास, गणितात काय, ही पानं लिहायला सगळ्यांना उत्साह. पहिल्या वर्षी कॉपी मशीनचं भाडं किती आणि मुलं कमी आली तर कोणता खर्च आधी कापणार, हे पान कोणी लिहीना. बँकवाल्यांनी ते माझ्यासमोर सरकवलं. असे अर्ज नंतर मी बरेच वाचले. शिक्षणपद्धतीवर ८० पानं आणि रोख शिलकीवर दीड पान असलेला अर्ज आला की मी पहिल्यांदा ते दीड पान वाचते.

सनद मंजूर झाली म्हणजे शाळा उघडली असं होत नाही. मध्ये तयारीचा टप्पा असतो. भाडेकरार, इमारतीचा वापर परवाना, आगीची तपासणी, शिक्षकांची प्रमाणपत्रं, प्रत्येक कर्मचाऱ्याची पोलीस पडताळणी, विमा, सगळं राज्याला दाखवायचं आणि मगच दार उघडायचं. पैसा मात्र शालेय वर्ष लागल्यावर सुरू होतो. मधल्या महिन्यांसाठी केंद्र सरकारचं सुरुवातीचं अनुदान असतं, ते १९९४ च्या कायद्यापासून मिळतं, पण आमच्या वेळी आधी खर्च करायचा आणि पावत्या जोडून परत मागायचा. खर्च करायला पैसे कुठून आणायचे? आमच्या वकीलबाईंनी स्वतःच्या घरावर कर्ज काढलं. त्यांनी ते कोणाला सांगितलं नव्हतं, मला सांगावं लागलं कारण रक्कम खात्यात दिसली.

इमारतीवर थोडं थांबते, कारण शहरात छोटी शाळा मरते ती बहुतेक वेळा इथेच. कायद्यात चार्टरला डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे शहराच्या नेहमीच्या सरकारी शाळा चालवणाऱ्या मंडळाच्या, हिशेबाच्या ९० टक्के मिळतात असं ऐकाल. ते खरं, पण ते सगळ्या खर्चाचे ९० नव्हेत, काही ठरावीक घटकांचे. त्यामुळे हातात त्याहून कमी पडतात. शिवाय डिस्ट्रिक्टच्या इमारती त्याच्या मालकीच्या, आणि चार्टरला राज्याच्या किंवा स्थानिक पैशातून इमारत बांधायला कायद्याने मनाई. मग उरतं भाडं. या शहरांत भाड्याने मिळणारी शाळेजोगी जागा म्हणजे बंद पडलेली कॅथलिक शाळा. इटालियन आणि पोलिश वस्त्या उपनगरात गेल्या, मुलं आटली, चर्चने शाळा बंद केल्या आणि लाल विटांच्या तीन मजली इमारती मोकळ्या राहिल्या. आमची तशीच होती. प्रत्येक वर्गात फळ्याच्या वर भिंतीवर क्रॉसच्या आकाराचा फिकट डाग होता. क्रॉस काढले होते, पण पन्नास वर्षांच्या धुळीने त्यांची सावली सोडली होती. सार्वजनिक शाळेत ती चालणार नाही म्हणून आम्ही एका शनिवारी चौदा वर्ग रंगवले. संध्याकाळी आयरिश पाद्री येऊन गेले. डाग गेलेले पाहून काही बोलले नाहीत, फक्त रंगाचा रिकामा डबा उचलून बाहेर ठेवला.

भाडं परवडलं, दुरुस्ती अंगावर आली. जुन्या परवान्यावर शाळा चालत होती, पण भाडेकरू बदलल्यावर आगीची यंत्रणा आजच्या नियमाप्रमाणे हवी. शाळा उघडायच्या आठ दिवस आधी तपासनिसाने अलार्मचं पॅनल नापास केलं. सुटा भाग यायला दोन आठवडे. मुलांची नावं घेतलेली, पालकांनी दुसऱ्या शाळांतून दाखले काढलेले. पहिले नऊ दिवस आम्ही दोन गल्ल्या पलीकडच्या एका सभागृहात काढले, तेही ऐनवेळी परवानगी मिळाली म्हणून. पडदे लावून चार वर्ग. सहावीला अपूर्णांक शिकवताना मला पलीकडच्या पाचवीचं जलचक्र तोंडपाठ झालं. हे नऊ दिवस नंतर आम्हाला महाग पडले, ते पुढे येतं.

प्रवेश सोडतीने होतात. तुम्हाला आरटीईच्या २५ टक्क्यांची सोडत ठाऊक आहे, म्हाडाचीही असेल. इथली माणसांसमोर व्हायची, तळघरातल्या हॉलमध्ये, बिंगोचा जाळीचा पिंजरा फिरवून. पाचवी आणि सहावी, प्रत्येकी दोन तुकड्या, तुकडीत अठरा, म्हणजे ७२ जागा. त्या रात्री पुढच्या रांगेत एक आजी बसल्या होत्या, मांडीवर लिफाफा, त्यावर नातवंडांचे दोन क्रमांक पेनाने गिरवून गिरवून जाड केलेले. सहावीच्या नातवाचा क्रमांक पिंजऱ्यातून निघेचना. मग पाचवीच्या नातीचा निघाला. भावंडाला प्राधान्य असा नियम आहे, त्यामुळे नात लागली तसा नातूही वर सरकला. आजींना इंग्रजी येत नव्हतं, शेजारच्या बाईने स्पॅनिशमध्ये समजावलं, तरी त्या उठेनात. सगळी सोडत संपून खुर्च्या आवरायला घेतल्या तेव्हा त्यांनी मला लिफाफा दाखवून विचारलं, दोन्ही? मी म्हटलं, दोन्ही. मला सोडत आवडत नाही. मुलाचं शिक्षण पिंजऱ्यातल्या चेंडूवर ठरावं हे चुकीचंच आहे. पण शाळेने मुलं निवडण्यापेक्षा चेंडू बरा, असंही त्या रात्रीपासून वाटतं.

त्या रात्री आमच्याकडे ७२ नावं आणि प्रतीक्षायादीत आणखी चाळीस होती. आमचे पेढे वाटायचे तेवढे बाकी होते. इथेच नवी शाळा फसते. प्रतीक्षायादी म्हणजे पट नव्हे. ज्या आईने आमच्याकडे अर्ज केला तिने आणखी दोन-तीन शाळांतही केलेला असतो. उन्हाळ्यात घरभाडं वाढतं, माणसं पलीकडच्या गावात जातात. सप्टेंबरात प्रतीक्षायादीतल्या नंबरांवर फोन लावले तर निम्मे बंद. त्यात आमचे सभागृहातले नऊ दिवस. पडदे पाहून काही पालकांनी मुलं सरळ परत नेली, आणि मला त्यांचा राग आला नाही.

आता तुमच्या ओळखीची गोष्ट. महाराष्ट्रात ३० सप्टेंबरच्या पटावर संचमान्यता होते. इथे १५ ऑक्टोबर. त्या दिवशी पटावर किती मुलं आहेत ते राज्याला कळवायचं, आणि त्यावर वर्षाचे हप्ते वरखाली होतात. सोयीसाठी एका मुलामागे १२ हजार डॉलर धरा. आम्ही ७२ धरून वर्षाचा खर्च मांडला होता. १५ ऑक्टोबरला ६३ निघाली. नऊ मुलं कमी म्हणजे एक लाख आठ हजार डॉलर कमी, म्हणजे त्या काळच्या दोन शिक्षकांचा पगार विम्यासकट. मुलं कमी झाली म्हणून खर्च कमी होत नाही, ही यातली खरी मेख. चार तुकड्यांतून दोन-दोन मुलं गेली तरी तुकड्या चारच, शिक्षक तेवढेच, भाडं तेवढंच. एक तुकडी मोडून मुलं तिघांत वाटली असती तर हिशेब बसला असता आणि शाळेचा शब्द गेला असता. आम्ही संगीताचं पद अर्धवेळ केलं, मुख्याध्यापकांनी दोन महिने पगार उशिरा घेतला, आणि मी गणिताचे तास आणि हिशेब दोन्ही करायला लागले. मी हिशेबात आले ती अशी.

वडिलांना फोनवर सांगितलं तेव्हा ते हसले. म्हणाले, आमच्याकडे असं झालं असतं तर शेजारच्या वाडीतली नऊ नावं मस्टरवर चढली असती. २०११ च्या ऑक्टोबरात महाराष्ट्रभर पटपडताळणी झाली आणि कागदावरची मुलं बाहेर आली, तेव्हा मला त्यांचं ते हसणं आठवलं. जिथे पैसा डोक्यावर येतो तिथे डोकी वाढवायचा मोह येतो. इथे खोटी नावं चढवणं अवघड आहे, कारण तेच मूल डिस्ट्रिक्टच्या यादीतही दिसतं आणि पैसे तिथूनच येत असल्यामुळे ते लोक डोळ्यांत तेल घालून बघतात. म्हणून मोह दुसऱ्या रूपात येतो. खऱ्या मुलांनीच शाळा वेगाने फुगवायची.

आम्हीही तेच केलं. ठरलेली वाढ साधी होती. पाचवी-सहावीने सुरुवात, दुसऱ्या वर्षी आधीची मुलं वर सरकून सातवी आणि खाली नवी पाचवी, तिसऱ्या वर्षी आठवी. दरवर्षी दोन तुकड्या, छत्तीस जागा. ७२, १०८, १४४. असं वाढण्यात एक शहाणपण आहे, ते तेव्हा आम्हाला कळलं नव्हतं. दुसऱ्या वर्षी जवळजवळ सगळी नवी मुलं पाचवीत होती, वरच्या दोन्ही इयत्ता जुन्या. जिन्यात उजवीकडून चालायचं, गृहपाठाच्या वहीवर घरच्यांची सही आणायची, एखादा फळ्यावर अडकला तर हसायचं नाही, हे नव्यांना शिक्षकांनी नाही, मोठ्या मुलांनी शिकवलं. पहिल्या वर्षी एका मुलाने सात दिवस सही आणली नाही म्हणून मी डोकं आपटलं होतं. दुसऱ्या वर्षी तोच पोरगा पाचवीतल्या एकाला जिन्यात सांगत होता, बाईंना आधीच सांग, लपवलंस तर जास्त बोलतात.

तिसऱ्या वर्षी दुसरा मजला भाड्याने घ्यायची वेळ आली आणि भाडं चढलं. बाहेर नाव झालं होतं, या वेळी प्रतीक्षायादी खरीच लांब होती. मंडळाच्या बैठकीत तक्ता मांडला गेला. पाचवी आणि सहावीला एकेक तुकडी वाढवली, म्हणजे १४४ च्या जागी १८० केली, की भाडं निघतं आणि वर शिल्लक राहते. पट वाढवायला सनदीत दुरुस्ती करून आयुक्तांची परवानगी लागते. ती मागितली, मिळाली. तो तक्ता मीच केला होता. त्यात चूक एकही नव्हती.

तक्त्यात नव्हतं ते असं. नऊ नवी शिक्षक पदं भरायची होती आणि उन्हाळ्यात जुन्यांपैकी चार जण सोडून गेले. सप्टेंबरात शिक्षकांच्या खोलीत अकरा जुने आणि तेरा नवे. नव्यांना विचारायला जुनं कोणी शेजारच्या वर्गात नाही. सहावीत नवी तुकडी बाहेरून आलेल्या मुलांची, त्यांना कोणी मोठं भावंडासारखं लाभलंच नाही. जेवणाचा हॉल दोन पंगतींचा होता, तीन कराव्या लागल्या, म्हणून पहिली पंगत सकाळी साडेदहाला. साडेदहाला कोणतं मूल जेवतं? दोन वाजता सगळी भुकेली, आणि सातवीचं गणित दोन वाजता. जानेवारीपर्यंत मुलांना शिक्षा म्हणून घरी पाठवण्याचं प्रमाण आधीच्या दोन वर्षांची बेरीज ओलांडून गेलं. तीन शिक्षक वर्षाच्या मध्यात गेले. त्यातली एक फार चांगली होती, अजून वाईट वाटतं. वसंतातल्या राज्याच्या परीक्षेत आमची आठवी, म्हणजे पहिल्या दिवसापासूनची मुलं, ठीक राहिली. सहावी घसरली.

आता जरा अवघड बोलते. अशा वर्षी शाळेत एक हलकी कुजबूज सुरू होते. अमुक मुलाला "दुसरीकडे बरं पडेल". जो वर्गात उठून फिरतो, ज्याच्यासाठी विशेष शिक्षणाची वैयक्तिक योजना आहे, ज्याची आई फोन उचलत नाही, अशी नावं. कोणी काढून टाकत नाही, फक्त पालकाला चौथ्यांदा बोलावतात आणि पालक समजतो. १५ ऑक्टोबर उलटून गेलेला असला तर हातचा बराचसा पैसाही टिकतो. चार्टर शाळांवर डिस्ट्रिक्टचे लोक हाच आरोप करतात, आणि तो पूर्ण खोटा नाही. आमच्याकडे एका बैठकीत असं एक नाव आलं तेव्हा बँकवाल्यांनी एवढंच विचारलं, याला अर्ज भरताना आपण काय सांगितलं होतं? पुढे नियम झाला : वर्षात जितकी मुलं जातील त्या प्रत्येकाचं कारण विश्वस्तांच्या उघड बैठकीत, नाव न घेता, वाचायचं. न्यू जर्सीत या बैठका कायद्यानेच लोकांना खुल्या असतात, ४८ तास आधी सूचना द्यावी लागते. बैठकीला बहुधा तीन पालक आणि एक झोपाळू वार्ताहर असायचा, पण वाचावं लागणार हे ठाऊक असल्याने पालकांना बोलावणारे ते फोन कमी झाले.

चार्टर शाळा चांगल्या की वाईट, हे तुम्ही विचारलं नाही, पण लोक विचारतील म्हणून. स्टॅनफर्डच्या क्रेडो संस्थेने २००९ मध्ये सोळा ठिकाणचे निकाल पाहिले तेव्हा गणितात १७ टक्के शाळा आसपासच्या सरकारी शाळांपेक्षा सरस, ३७ टक्के त्यांच्याहून वाईट, बाकीच्यांत फरक नाही, असं निघालं. त्याच संस्थेच्या २०१२ च्या न्यू जर्सीच्या पाहणीत नेवार्क शहरातली चार्टरची मुलं मात्र बरीच पुढे दिसली. दोन्ही आकडे लक्षात ठेवा. एक दाखवून भाषण करणारे पुष्कळ भेटतील.

चौथं वर्ष नूतनीकरणाचं. राज्याची माणसं येतात, वर्गात मागे बसतात, मुलांशी वेगळं बोलतात, माझी खाती तपासतात. आम्ही त्यांच्या येण्याआधीच ठरवलं होतं की पाचवीची तिसरी तुकडी पुन्हा घ्यायची नाही, वर गेलेल्या जादा तुकड्या आठवीतून बाहेर पडेपर्यंत सांभाळायच्या आणि मग १४४ वर यायचं. पट स्वतःहून कमी करणारी शाळा त्यांना नवी असावी. त्यांच्यातल्या एकाने दोनदा विचारलं, भाड्याचं काय? दुसरा मजला आम्ही संध्याकाळी प्रौढांच्या इंग्रजी वर्गांना पोटभाड्याने दिला. तरीही दोन पदं कमी करावी लागली. ती पत्रं मीच दिली, आणि ज्यांना दिली ते दोघं त्या चुकीच्या वर्षात आलेले, त्यांचा काही दोष नसलेले. नूतनीकरण झालं.

त्यामुळे वाढीबद्दल कोणी विचारलं की मी एकच गोष्ट पाहायला सांगते : येत्या सप्टेंबरात नव्या शिक्षकांपेक्षा जुने जास्त असतील का? उत्तर हो असेल तेवढंच वाढा. भाड्याला हे उत्तर आवडत नाही, तेव्हा भाडं आधी आटोक्यात ठेवा. छोट्या शाळेला जागेचा करार पहिल्या वर्षाच्या पटावर परवडला पाहिजे, तिसऱ्या वर्षीच्या स्वप्नातल्या पटावर नव्हे. आणि पहिला अर्थसंकल्प मंजूर जागांच्या ८५ टक्क्यांवर मांडा. विश्वस्त म्हणतील फार निराशावादी आहे. म्हणू द्या.

तुमच्या पुण्याशी याचा संबंध? आकांक्षासारख्या संस्था २००७ पासून मुंबई-पुण्यात महापालिकेबरोबर शाळा चालवतात, त्यांना लोक चार्टर म्हणतात ते सनदीच्या अर्थाने. पण तिथे इमारत महापालिकेची असते आणि संस्थेला देणग्या गोळा कराव्या लागतात. म्हणजे माझी रात्रीची झोप ज्या गोष्टीने उडाली ती त्यांना नाही, आणि त्यांची ज्याने उडते ती मला नव्हती, कारण माझा पैसा कमी-जास्त झाला तरी दर महिन्याला यायचा. नुसत्या नावावरून तुलना करू नका. इमारत कोणाची, पगार कोणाचा, मुदत किती आणि पट कोण मोजतो, हे चार प्रश्न विचारा.

आता शेवटचा प्रश्न. पहिला माणूस.

मुख्याध्यापक नाही. ऑफिसच्या खिडकीत बसणारी बाई. आमच्याकडे ती दुसऱ्या महिन्यात आली, कारण अर्थसंकल्पात ते पद मी "मुलं आल्यावर" असं लिहिलं होतं. डॉमिनिकन, त्याच गल्लीत राहणारी, मुलं तिला तिया म्हणायची. स्पॅनिशमध्ये तिया म्हणजे मावशीही आणि आत्याही. पहिल्या आठवड्यात तिने एक जाड वही घातली. आमच्या संगणकात प्रत्येक मुलाच्या नावापुढे एक फोन नंबर होता. तिच्या वहीत चार-चार असायचे : आईच्या कामाचा, आजीचा, खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याचा, आणि एकाच्या बाबतीत कोपऱ्यावरच्या न्हाव्याच्या दुकानाचा, कारण बाप रोज संध्याकाळी तिथे बसतो. १५ ऑक्टोबरच्या आधीच्या सोमवारी आमचा पट ५८ होता. मी खुर्चीत बसून आकडे पुन्हा पुन्हा मांडत होते. ती वही घेऊन बाहेर पडली, सभागृहाचे पडदे पाहून गेलेल्या घरांची दारं वाजवत. शुक्रवारपर्यंत पाच मुलं परत घेऊन आली. त्यातली दोन त्या लिफाफेवाल्या आजींची होती. आजींना वाटलं होतं शाळा बंद पडली.

तेव्हा पुन्हा सुरुवात केली तर तिला इमारत मिळायच्या आधी, सोडतीच्या आदल्या महिन्यात नेमेन, आणि ती वही तिला पिंजऱ्याशेजारी बसून भरायला सांगेन.